शेतकरी आधी, विश्वविजेता नंतर

घरची मोटार घेऊन गावाजवळच्या ओसाड धावपट्टीवर उतरलेला स्कॉटलंडचा एक शेतकरी सात वर्षांत मोटारशर्यतींचा जगज्जेता झाला. वेगाची हौस कुठे भागवावी आणि तिचा श्रीगणेशा कसा करावा, याचा धडा देणाऱ्या जिम क्लार्कच्या आयुष्याची ही कहाणी.

वऱ्हाडाला वेगाचे वावडे कधीच नव्हते. सुगी आटोपली की गावोगावी शंकरपट भरतात. बैलजोडी घरची, धुरकरी ओळखीचा आणि धाव सेकंदांत मोजलेली, असा हा खेळ. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो बंद झाला, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या खेळाचा एक साधा दंडक आहे. धाव पटाच्या मैदानातच होते. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर जोडी उधळणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण अद्याप अंगी बाणवलेला नाही. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता गुळगुळीत झाला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. परंतु त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर असतो, शाळकरी मुलांच्या सायकली असतात, दुभाजकातून अचानक पुढे येणारे जनावर असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग ज्याला मोटारीचा वेग खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याने जावे कुठे आणि सुरुवात करावी कशी? जगभरात या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले आहे. आपली रोजच्या वापरातली मोटार घेऊन शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर जायचे, तेथील नियम पाळायचे, जाणत्या चालकाला शेजारी बसवून शिकायचे आणि संध्याकाळी त्याच मोटारीने घरी परतायचे. याला ट्रॅक डे म्हणतात. येथे शर्यत नसते, क्रमांक नसतो, बक्षीसही नसते. या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने जिम क्लार्कचे आयुष्य अवश्य समजून घ्यावे. तो मोठा चालक होता, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की त्याची सुरुवात कोणत्याही सामान्य माणसाच्या आवाक्यातली होती.

शेतातली शाळा

जेम्स क्लार्क, म्हणजे घरादाराचा जिम, याचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातील किल्मनी या खेड्यात झाला. चार बहिणींच्या पाठीवर जन्मलेला हा एकुलता एक मुलगा. १९४२ साली क्लार्क कुटुंबाने इंग्लंडच्या सीमेलगत बेरिकशायर परगण्यात, चर्नसाइड गावाजवळच्या एडिंग्टन मेन्स या शेतीवर बिऱ्हाड हलवले. मेंढ्या, गुरे आणि धान्य हाच घराचा आधार होता. एकुलत्या एका मुलाने पुढे शेती सांभाळावी, ही वडिलांची अपेक्षा स्वाभाविक होती. आपल्याकडच्या कोणत्याही बड्या कास्तकाराच्या घरात याहून वेगळे काही घडले नसते.

जिमला एडिंबराजवळच्या लॉरेटो या प्रतिष्ठित निवासी शाळेत घातले गेले. परंतु आजोबा आणि काका यांच्या निधनानंतर शेतीवर माणूस हवा होता, म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला शाळा सोडावी लागली. तो घरी परतला आणि मेंढ्यांच्या कामाला लागला. कोकरांच्या जन्माचा हंगाम, लोकर कातरण्याचे दिवस, जनावरांचे लिलाव, हेच त्याचे जग झाले. शेतीत त्याचे मन रमलेही. पुढे जगभर नाव झाल्यानंतरसुद्धा सवड मिळताच तो एडिंग्टन मेन्सला धाव घेत असे.

शेतावर वाढणाऱ्या मुलाला ट्रॅक्टर आणि मोटार लहानपणीच हाताळायला मिळते. जिमही त्याला अपवाद नव्हता. परवाना मिळण्याच्या कितीतरी आधी तो घरच्या शेतात मोटार फिरवू लागला होता. ओल्या गवतावर चाक केव्हा घसरते, ढेकळांत स्टिअरिंग किती सैल धरावे, उतारावर ब्रेक किती दाबावा, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. शिवाय ऐन हंगामात यंत्र मोडले तर सगळे काम खोळंबते, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राला जपून काम काढून घेण्याची जी सवय पुढे क्लार्कची ओळख ठरली, तिचे मूळ या शेतात शोधले तर ते वावगे ठरू नये.

ओसाड धावपट्ट्यांचे देणे

क्लार्क तारुण्यात येत होता तो काळही त्याला अनुकूल होता. इंग्लंडमध्ये १९०७ साली उघडलेला ब्रुकलँड्स हा खास मोटारींसाठी बांधलेला जगातील पहिला मोठा शर्यतमार्ग दुसऱ्या महायुद्धात विमाननिर्मितीच्या कामी गेला आणि तेथील शर्यती कायमच्या थांबल्या. परंतु त्याच युद्धाने ब्रिटनला शेकडो विमानतळ दिले. युद्ध संपल्यावर त्यांतील बहुसंख्य ओस पडले. धावपट्ट्यांच्या भेगांतून गवत उगवले. तेव्हा मोटारींच्या हौशी मंडळांनी ते भाड्याने घेतले, वळणांवर गवताचे भारे आणि रिकामे पिंप मांडले आणि सप्ताहाच्या अखेरीस तेथे मोटारी पळू लागल्या. आज जगप्रसिद्ध असलेला सिल्व्हरस्टोन मुळात असाच एक विमानतळ होता. स्नेटरटन, थ्रक्सटन आणि गुडवुड यांची कुळकथाही तीच. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम येथे युद्धकाळातील धावपट्टीवर कित्येक दशके मोटारशर्यती भरत होत्या, त्याचेही कारण हेच.

क्लार्कच्या घरापासून जवळच चार्टरहॉल आणि विनफील्ड हे असे दोन विमानतळ होते. स्थानिक मंडळांच्या स्पर्धांना महागडी शर्यतीची मोटार लागत नसे. आठवडाभर बाजारहाट करणारी, मेंढ्यांचे खाद्य वाहणारी मोटारच रविवारी तेथे उतरे. काही स्पर्धांमध्ये तर वेगाचाही फारसा संबंध नसे. मोकळ्या जागेत खांब रोवायचे आणि त्यांना धक्का न लावता मोटार पुढे, मागे, वळवून, फिरवून ठरलेल्या जागी उभी करायची. घड्याळ लावलेले असे, पण कस लागे तो हाताचा आणि नजरेचा.

परवाना हाती पडल्यावर जिम घरची सनबीम टॅलबॉट घेऊन अशा चाचण्यांना, लहान रॅलींना आणि चढावरच्या धावांना जाऊ लागला. सनबीम ही काही शर्यतीची मोटार नव्हती. ती चार माणसांनी आरामात बसायची वजनदार गाडी होती. पण जड आणि मंद मोटार ही शिकणाऱ्याची सर्वांत चांगली गुरू असते. ती चालकाच्या चुका झाकत नाही. वळणात घाई केली की ती सरळ बाहेरच्या बाजूला निघते, ब्रेक धसमुसळेपणाने दाबला की डोलते आणि घडलेले सर्व चालकाला सावकाश, समजेल अशा वेगाने दाखवून देते.

क्रायमंडचा शेवटचा क्रमांक

तरुण शेतकऱ्यांच्या मेळाव्यांतून जिमची ओळख इयन स्कॉट वॉटसन या शेजारच्या शेतकऱ्याशी झाली. स्कॉट वॉटसनला शर्यतींचे वेड होते आणि त्याच्याकडे डीकेडब्ल्यू ही छोटी जर्मन मोटार होती. जून १९५६ मध्ये तो ती घेऊन स्कॉटलंडच्या ईशान्येकडील क्रायमंड या विमानतळावरच्या शर्यतीला निघाला. मदतनीस म्हणून जिम बरोबर गेला. तेथे पोहोचल्यावर स्कॉट वॉटसनने आपली मोटार एका शर्यतीत मित्राच्या हाती दिली. वीस वर्षांच्या जिमची ती आयुष्यातली पहिली शर्यत. अधिक शक्तिशाली मोटारींच्या गर्दीत ती चिमुकली डीकेडब्ल्यू शेवटच्या क्रमांकावर आली.

निकालपत्रकात याहून अधिक काही दिसत नव्हते. मात्र घड्याळ हाती धरलेल्या मोटारमालकाला वेगळेच काही दिसले. प्रत्यक्ष मालकाला त्या मोटारीतून जी वेळ साधता येत नव्हती, ती या नवख्या मुलाने सहज साधली होती. स्कॉट वॉटसनच्या मनाचा मोठेपणा असा, की आपल्यापेक्षा चांगला चालक ओळखल्यावर त्याने स्वतः मागे सरून त्याला पुढे केले. यानंतर तो मोटार पुरवी आणि जिम चालवी.

घरी मात्र हा प्रकार मंजूर होण्यासारखा नव्हता. शर्यतींत माणसे मरत होती आणि घराचा एकुलता एक वारस त्या वाटेला लागावा, हे आईवडिलांना पटणारे नव्हते. सुरुवातीला जिमने ही गोष्ट घरात कळू दिली नाही. पुढे वर्तमानपत्रांतून नाव येऊ लागल्यावर लपवण्यासारखे काही उरले नाही. विरोध एकदम मावळला नाही. मुलाने शेतीचे काम सोडले नाही आणि पाहता पाहता तो जिंकू लागला, तेव्हा त्याची धार कमी झाली इतकेच. काळजी मात्र अखेरपर्यंत राहिली आणि ती खरी ठरली.

१९५७ मध्ये स्कॉट वॉटसनने पोर्श ३५६ घेतली. ही मोटारही रस्त्यावर चालणारीच होती. तिच्यावर जिमने चार्टरहॉल येथे विजय मिळवला. १९५८ साली बॉर्डर रीव्हर्स या स्थानिक मंडळींच्या संघाने त्याच्या हाती जॅग्वार डी टाइप ही खरीखुरी शर्यतीची मोटार दिली. त्या वर्षी एप्रिलमध्ये यॉर्कशायरमधील फुल सटन या विमानतळावर त्याने ताशी १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची, सरासरी ओलांडणारी फेरी मारली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये स्पोर्ट्‌स मोटारीने अशी फेरी मारण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

पुढच्याच महिन्यात बेल्जियममधील स्पा येथे त्याला वेगाचे दुसरे रूप दिसले. हा मार्ग म्हणजे शेतांमधून, घरांच्या आणि झाडांच्या कडेने जाणारा गावरस्ता होता. त्या शर्यतीत आर्ची स्कॉट ब्राउन हा नामांकित चालक अपघातात सापडून प्राणाला मुकला. क्लार्कला स्पाची जी धास्ती बसली, ती कायमची. पुढे १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे त्याने तेथील ग्रां प्री जिंकली, तरीही तो मार्ग त्याला कधी आवडला नाही.

हलका हात

२६ डिसेंबर १९५८ रोजी ब्रँड्स हॅच येथे क्लार्क लोटस एलीट या छोट्या मोटारीत बसला. समोर तशाच मोटारीत खुद्द लोटसचा निर्माता कॉलिन चॅपमन होता. क्लार्क दुसरा आला, पण चॅपमनच्या नजरेत भरला. मोटारशर्यतींच्या इतिहासातील सर्वांत फलदायी जोडींपैकी एक त्या दिवशी जुळली. ६ जून १९६० रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे क्लार्कने लोटसच्या संघातून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले आणि मृत्यूपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये तो लोटसशीच निष्ठावंत राहिला.

चॅपमनच्या मोटारी हलक्या आणि नाजूक असत. हलकेपणामुळे त्या वेगवान होत आणि त्यामुळेच मोडतही. अशा मोटारीला क्लार्कसारखाच चालक हवा होता. त्याच्या चालवण्यात झटापट नसे. वळणाआधी तो ब्रेक हळुवार दाबी आणि वळणात शिरताना तितक्याच हळुवारपणे सोडत नेई. त्यामुळे मोटारीचा भार पुढच्या चाकांवर अलगद टिकून राही आणि ती न हिसकता वळे. स्टिअरिंग एकदाच आणि पुरेसेच फिरे. पाहणाऱ्याला वाटे की हा सावकाश चालला आहे, घड्याळ मात्र उलटे सांगे. त्याच्या मोटारीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजत, हे त्याच्या मेकॅनिकांचे नित्याचे निरीक्षण होते.

वेग म्हणजे जोर, अशी आपली समजूत असते. क्लार्कने दाखवून दिले की वेग म्हणजे संयम. टायरची जमिनीवरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकसाठी वापरायची, वळण्यासाठी वापरायची की गती वाढवण्यासाठी, याची वाटणी चालकाला करावी लागते. धसमुसळेपणा केला की ती पकड वाया जाते. गृहिणी महिन्याचा खर्च जशी बेताने भागवते, तशी क्लार्क ही पकड खर्च करीत असे.

१९६२ साली चॅपमनने लोटस २५ ही मोटार आणली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी संपूर्ण अंगच एकसंध कवचासारखे असलेल्या या मोटारीने फॉर्म्युला वनची घडण बदलून टाकली. त्याच वर्षी १७ जून रोजी स्पा येथे क्लार्कने पहिली ग्रां प्री जिंकली. विश्वविजेतेपदही हाताशी आले होते, पण वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे, तो आघाडीवर असताना इंजिनातून तेल गळू लागले आणि किताब ग्रॅहम हिलकडे गेला.

पुढचे वर्ष मात्र निर्विवादपणे त्याचे होते. १९६३ मध्ये दहापैकी सात ग्रां प्री जिंकून तो जगज्जेता झाला. त्यांतील स्पाची शर्यत विशेष स्मरणीय आहे. आठव्या स्थानावरून निघालेल्या क्लार्कने पहिल्याच फेरीत आघाडी घेतली. पुढे मुसळधार पाऊस सुरू झाला. त्यातच त्याच्या मोटारीचा गिअर निसटू लागला, तेव्हा एका हाताने गिअरचा दांडा धरून आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सांभाळून त्याने शर्यत पूर्ण केली. दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रूस मॅकलॅरेनपेक्षा तो जवळजवळ पाच मिनिटे आधी पोहोचला.

१९६४ चा किताबही शेवटच्या शर्यतीत, मेक्सिकोमध्ये, तेलगळतीमुळेच हुकला. त्याच वर्षी त्याने ब्रिटनच्या सलून मोटारींचे विजेतेपद पटकावले, तेही लोटस कॉर्टिना चालवून. फोर्ड कॉर्टिना ही मध्यमवर्गीय ब्रिटिश कुटुंबाची साधी मोटार. लोटसने तिच्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवले होते. वळणात आतले पुढचे चाक हवेत उचलून धावणारी ती कॉर्टिना आणि तिच्यात शांतपणे बसलेला क्लार्क, हे छायाचित्र आजही मोटारशौकिनांच्या मनात घर करून आहे.

१९६५ हे त्याच्या कीर्तीचे शिखर. ३१ मे रोजी त्याने अमेरिकेची इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली. २०० पैकी १९० फेऱ्यांमध्ये तोच आघाडीवर होता. इंजिन मागे असलेल्या मोटारीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. या शर्यतीसाठी त्याने मोनॅकोची ग्रां प्री सोडली होती, तरीही फॉर्म्युला वनचा किताब दुसऱ्यांदा त्यालाच मिळाला. एकाच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारा दुसरा चालक आजवर झालेला नाही.

एवढे यश मिळवणारा हा माणूस मोटारीबाहेर संकोची होता. नखे कुरतडण्याची त्याला सवय होती आणि साध्यासुध्या गोष्टींतही त्याचा निर्णय लवकर होत नसे. मोटारीत बसला की मात्र तोच माणूस निःशंक होई. १९६७ साली मोंझा येथे टायरमुळे तो एक पूर्ण फेरी मागे पडला. ती फेरी त्याने भरून काढली, सर्वांना गाठून आघाडी घेतली आणि शेवटच्या फेरीत इंधन अपुरे पडल्याने तिसरा आला. ही हरलेली शर्यत त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठी मानली जाते. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे पंचविसावी ग्रां प्री जिंकून त्याने फँजिओचा २४ विजयांचा विक्रम मोडला. ७२ शर्यतींत २५ विजय आणि ३३ वेळा सर्वांत पुढून सुरुवात, ही त्याची कारकीर्द. दुसरा क्रमांक मात्र त्याला एकदाच मिळाला. मोटार टिकली की तो बहुधा जिंकतच असे.

वेगाची किंमत

या यशाच्या कडेने मृत्यू सतत चालत होता. १९६० च्या बेल्जियन ग्रां प्रीत, क्लार्कच्या अवघ्या दुसऱ्या ग्रां प्रीत, ख्रिस ब्रिस्टो आणि संघातील सहकारी ॲलन स्टेसी हे दोघेही ठार झाले. १० सप्टेंबर १९६१ रोजी मोंझा येथे फॉन ट्रिप्सची फेरारी आणि क्लार्कची लोटस एकमेकींना लागल्या. फेरारी उसळून प्रेक्षकांत गेली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. क्लार्क शारीरिकदृष्ट्या बचावला, पण त्या घटनेचे ओझे आणि पुढची चौकशी त्याला दीर्घकाळ वाहावी लागली.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू गटाची शर्यत होती. विश्वविजेतेपदाच्या दृष्टीने तिला काही महत्त्व नव्हते. मार्ग ओलसर होता. पाचव्या फेरीत क्लार्कची लोटस भरधाव वेगात मार्ग सोडून कडेच्या झाडांवर आदळली. मागच्या टायरमधील हवा उतरल्याने हे घडले असावे, असा निष्कर्ष बहुतेक जाणकारांनी काढला. झाडे आणि मोटार यांच्यामध्ये कठडा नव्हता. ३२ वर्षांचा क्लार्क तेथेच संपला.

त्याच्या मृत्यूने चालकांच्या जगात जी भीती पसरली, ती आधीच्या कोणत्याही अपघाताने पसरली नव्हती. आजवर प्रत्येक अपघातानंतर चालकाची चूक शोधून मनाचे समाधान करता येत होते. क्लार्कसारखा चूक न करणारा चालक जर केवळ एका टायरमुळे मरत असेल, तर कोणीच सुरक्षित नाही, हे उघड झाले. त्यानंतरच्या मे, जून आणि जुलै महिन्यांत माइक स्पेन्स, लुदोविको स्कार्फियोत्ती आणि जो श्लेसर हे आणखी तीन चालक गेले. क्लार्कचा देशबांधव आणि मित्र जॅकी स्ट्युअर्ट याने १९६६ मधील स्वतःच्या अपघातानंतर सुरक्षिततेची मागणी लावून धरलीच होती. आता तिला बळ मिळाले. कठडे, मोकळी जागा, पट्टे, अग्निरोधक पोशाख, मार्गावर हजर असणारे डॉक्टर या गोष्टी पुढे हळूहळू सक्तीच्या झाल्या. हॉकेनहाइमलाही कठडे आले आणि वेग तोडणारी वळणे आली.

आज सुरुवात करायची तर

आज जो हौशी चालक आपली मोटार घेऊन बंदिस्त मार्गावर जातो, त्याला मिळणारी सुरक्षितता या माणसांच्या मरणातून आलेली आहे. जर्मनीचा न्यूर्बुर्गरिंग १९२७ पासून सामान्य मोटारचालकांना शुल्क घेऊन खुला होत आला आहे. भारतात मद्रासजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किलोमीटरचा मार्ग, कोईमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा २०११ मध्ये उघडलेला ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किट ही प्रमुख ठिकाणे होत. कोईमतूरच्या मार्गाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे भाग वापरून स्वस्तातल्या शर्यतीच्या मोटारी बनवल्या आणि सामान्य तरुणाला या खेळाचे दार उघडून दिले. अकोला-अमरावतीच्या हौशी चालकाला त्यासाठी दूरचा प्रवास करावा लागतो. परंतु महिनोन्महिने महामार्गावर जीव धोक्यात घालण्यापेक्षा वर्षातून एकदा असा प्रवास केव्हाही स्वस्त पडतो.

तेथे जाताना नवी वेगवान मोटार लागत नाही. क्लार्कची सनबीम आणि स्कॉट वॉटसनची डीकेडब्ल्यू यांची आठवण ठेवली की पुरे. मोटार धडधाकट मात्र हवी. ब्रेकचे पॅड जाड असावेत. ब्रेक ऑइल नवे असावे, कारण जुन्या तेलात ओलावा शिरलेला असतो, तापल्यावर त्याची वाफ होते आणि ऐन वेळी ब्रेकचे पेडल पोकळ लागते. टायरवर चीर किंवा फुगवटा असता कामा नये आणि हवेचा दाब दर फेरीनंतर तपासावा. हॉकेनहाइमची घटना आठवली तर याचे कारण सांगायला नको. मोटारीतील सुटे सामान, पायाखालची मॅट, पाण्याची बाटली काढून ठेवावी. डोक्यावर चांगले हेल्मेट हवे. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि गती-चाचणी यांना संरक्षण नसते, हेही आधीच वाचून घ्यावे.

सकाळच्या माहिती-बैठकीला चुकवू नये. पिवळे, लाल, निळे झेंडे काय सांगतात, ओलांडायचे कुठे आणि कोणाच्या इशाऱ्यावर, हे तेथेच समजते. पहिल्या फेऱ्या निम्म्या वेगाने माराव्यात. प्रत्येक वळणात कुठून शिरायचे, आतला बिंदू कुठे शिवायचा आणि बाहेर कुठे निघायचे, एवढेच पाहावे. नजर बॉनेटवर नव्हे, पुढच्या वळणावर असावी. ब्रेक सरळ रेषेतच दाबायला शिकावे. वळणात शिरताना तो हळूहळू सोडत नेण्याची क्लार्कची पद्धत फार पुढची पायरी आहे. तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि त्यानंतर हँडब्रेक न ओढता मोटार उभी करावी. पेडलमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये जरासा फरक जाणवला तरी बाहेर यावे. घड्याळ पहिल्या दिवशी घरीच ठेवलेले बरे. दिवस संपताना मोटार शाबूत असली आणि थोडे अधिक समजले असले, म्हणजे दिवस सत्कारणी लागला.

आणि महामार्गावर परतल्यावर? बंदिस्त मार्गावर एकदा मोटारीची खरी मर्यादा पाहिलेला माणूस सार्वजनिक रस्त्यावर आपोआप जपून चालवतो, असे गृहीत धरता येत नाही. ते त्याने ठरवावे लागते. पण त्याला एवढे तरी कळलेले असते, की ताशी शंभर किलोमीटरवरून मोटार थांबायला किती जमीन लागते आणि आपल्या हातात प्रत्यक्षात किती थोडे असते.

चर्नसाइडच्या दफनभूमीत क्लार्क चिरविश्रांती घेत आहे. जवळच्या डन्स गावात त्याच्या ढालींचे आणि चषकांचे संग्रहालय आहे, ते पाहायला जगभरातून माणसे येतात. त्याच्या समाधीच्या दगडावर त्याची ओळख कोरलेली आहे. दोन विश्वविजेतेपदे आणि इंडियानापोलिसचा विजय त्यात आहेच, पण तो नंतर. सर्वांत आधी लिहिले आहे, की हा एडिंग्टन मेन्सचा शेतकरी होता.